खाचेची खोली

माझ्या मावशीला तिच्या ऑफिसात 'भिंग' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं, आणि हे नाव कुणी पाडलं हेसुद्धा तिने शोधून काढलं होतं. विमा कंपनीत ती नुकसानीची पाहणी करायची. कुठे गोदाम जळालं, दुकानात पाणी शिरलं, ट्रक उलटला, की मावशी तिथे जाऊन उभी राहायची आणि तिच्या डोक्यात एकच प्रश्न असायचा: हे झालं, की केलं?

एका कापडदुकानाची गोष्ट ती अजून सांगते. दुकान जळून कोळसा झालेलं. मालक ओक्साबोक्शी रडत होता, बघणाऱ्यांचेही डोळे भरून आले होते. मावशी मात्र भिंतीकडे बघत होती. काजळीने काळ्या झालेल्या भिंतीवर ओळीने खिळे होते, पण खालच्या राखेत फोटोच्या काचेचा एक तुकडा नव्हता. "घरच्या माणसांचे फोटो आधीच उतरवून नेले होते," मावशी म्हणते. "कापडाची माया नव्हती त्याला, पण आजोबांना जाळवेना." दावा नामंजूर झाला.

अशा कामात उमेदीची वर्षं गेली की ते काम माणसाच्या अंगात मुरतं. भाजीवाल्याने दोन लिंबं जास्तीची टाकली तर मावशी तिथेच पिशवी उपडी करून बघायची, खाली काय सडकं घातलंय म्हणून. कुणी फार गोड बोललं की तिचा डावा डोळा बारीक व्हायचा. काका, म्हणजे तिचे यजमान, याच्या अगदी उलट. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि सगळ्यांवर विश्वास ठेवायचे, हवामान खात्यावरसुद्धा. दोघांचा संसार चांगला चालला, कारण काका फसायचे आणि मावशी वस्तू परत करून यायची.

निवृत्त झाल्यावर मावशीने कपड्यांसाठी एक कपाट मागवलं. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आतून बाहेरून अस्सल लाकूड. कपाट आलं, माणसं ठेवून गेली, आणि मावशीने पाठीमागचा एक स्क्रू काढून आतल्या कडेला चाकूने खरवडलं. वर कागदाएवढा लाकडाचा पापुद्रा आणि आत दाबून चिकटवलेला भुसा. संध्याकाळपर्यंत कपाट परत गेलं होतं. जेवताना मावशी म्हणाली, "आता कपाट मीच करणार. निदान आत काय आहे ते मला ठाऊक असेल."

आम्हाला वाटलं राग आहे, उतरेल. पण ती एका सुताराकडे जाऊन बसायला लागली. तो बिचारा तिच्या प्रश्नांनी जेरीस आला, पण शिकवलं त्याने. मग घरामागच्या गॅरेजमधून काकांची स्कूटर बाहेर निघाली आणि आत कामाचं टेबल आलं. भिंतीवर करवती, पटाश्या, रंधे, गुण्या, सगळं ओळीने. पहिलं स्टूल तयार झालं ते डगमगत होतं. मावशीने स्टुलावर संशय घेतला नाही, फरशीवर घेतला. गोटी ठेवली तर ती सावकाश घरंगळत कोपऱ्यात गेली. फरशी खरंच तिरकी होती. मग तिने स्टूल स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. तिथेही ते डगमगलं, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही.

कपाटाला हात घातला तेव्हा खरी अडचण उभी राहिली. फळ्या बसवायच्या तर दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांत आडव्या खाचा पाडायच्या, सगळ्या एकसारख्या खोल. पटाशी आणि मोगरीने, म्हणजे लाकडी हातोडीने, एक खाच करता करता तिचं मनगट सुजलं. सुतार म्हणाला, "ताई, आता राउटर घ्या. प्लंजवाला."

जेवणाच्या टेबलावर तिने हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "राउटर आहे की आपल्याकडे. तो काय, दिवे लुकलुकतायत."

"अहो, तो इंटरनेटचा. हा लाकडाचा."

मग मिठाची बाटली घेऊन तिने आम्हाला समजावलं. खाली एक सपाट बूड, त्यावर दोन उभे दांडे, आणि दांड्यांवरून वर-खाली सरकणारी मोटर. मोटरीच्या टोकाला फिरणारं पातं. दोन मुठी धरायच्या, मोटर खाली दाबायची, पातं वरून थेट लाकडात उतरतं. हव्या त्या खोलीवर आलं की बाजूची कळ फिरवून मोटर तिथेच जखडायची आणि मशीन पुढे सरकवायचं. कळ सोडली की आतल्या स्प्रिंगा मोटरीला पुन्हा वर उचलतात. "म्हणजे सगळा भरवसा त्या कळीवर," मावशी म्हणाली. भरवसा हा शब्द तिने असा उच्चारला की जणू तोंडात खडा आला.

खरेदीला मला बरोबर घेतलं, कारण गाडी माझी होती. हत्यारांच्या मोठ्या दुकानात दुकानदार फार अगत्यशील निघाला. खुर्ची दिली, पाणी दिलं. मावशीचा डावा डोळा बारीक झाला.

"मॅडम, हे मॉडेल डोळे झाकून घ्या," तो म्हणाला.

"डोळे झाकून घेतलेल्या वस्तूंचे पंचनामे करण्यातच माझी नोकरी गेली," मावशी म्हणाली. "उघड्या डोळ्यांनी दाखवा."

त्याने एका फळीवर मशीन चालवून दाखवलं. लोण्यातून सुरी जावी तशी खाच पडली. मावशीने ती फळी उचलली, नखाने दाबली. नख आत रुतलं. तिने पिशवीतून स्वतःचा टणक लाकडाचा तुकडा काढून समोर ठेवला. "यात करा." दुकानदाराने केलं. मशीन जरा कुरकुरलं, पण खाच पडली. मग तिने मोटर अर्धी खाली दाबून एकाच मुठीवर जोर दिला, अडकते का बघायला. दोन्ही दांडे हलवून पाहिले. सगळं ठीक होतं, आणि त्यामुळेच बहुधा ती अस्वस्थ झाली. शेवटी तिने खोका उलटा केला.

"टेप दुहेरी आहे. हा खोका आधी उघडलाय."

"एका गिऱ्हाइकाला दाखवला होता, मॅडम."

"मग त्याने का नाही घेतला?"

"त्यांना निळा रंग हवा होता."

मावशी उठली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "लाकूड कापायच्या मशीनचा रंग कोण बघतं? काहीतरी आहे त्या खोक्यात."

त्यानंतर आठवडाभराने लाकडाच्या वखारीत फळकुटावर टाचलेलं एक कार्ड तिला दिसलं. 'प्लंज राउटर विकणे आहे. फारसे वापरलेले नाही.' खाली पत्ता आणि फोन नंबर. पण कार्ड छापलेलं नव्हतं. कुणीतरी कुंचल्याने लिहिलं होतं, आणि असं सुंदर की वखारीतली माणसं थांबून बघत होती. अक्षरांची पोटं गोल, देठ सरळ, वरची रेघ एका ओढीत. मावशीने ते घरी आणून माझ्यापुढे धरलं.

"जुनं मशीन विकायला एवढं सजवलेलं कार्ड कोण करतं? आणि किंमत विचारली मी फोनवर. नव्याच्या निम्म्याहून कमी सांगतोय. फारसं वापरलं नाही म्हणतो आणि निम्म्यात देतो. एक तर चोरीचं आहे, नाही तर बिघडलेलं."

"मग नको जाऊ या."

"असं कसं? आता तर जायलाच हवं."

घर एका बंद दुकानाच्या वर होतं. अरुंद जिना, जिन्याला रंगाचा वास. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या म्हाताऱ्याने. त्यांना आसपासचे सगळे पेंटर म्हणूनच ओळखत. रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांनीच रंगवलेल्या. नंतर छापील फलक आले आणि काम आटलं. त्यांच्या बायकोने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि ती चहा ठेवायला गेली.

खोली कामाचीच होती. एका बाजूला कुंचल्यांचे डबे, पण कुंचले कडक झालेले. दुसऱ्या बाजूला एक मजबूत टेबल. आणि कोपऱ्यात सात-आठ फळ्या, सगळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या. मावशीने बसायच्या आधी ते पाहिलं. मीही पाहिलं, पण मी आपलं पाहिलं आणि सोडून दिलं.

पेंटरांनी खोक्यातून राउटर काढला. फडक्यात गुंडाळलेला, चकचकीत. पावतीही काढून दिली. मावशीने पावतीवरचा नंबर मशीनवरच्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला. म्हणजे चोरीचं नव्हतं. आता एकच शक्यता उरली.

"का विकताय?"

"वापर नाही."

"घेतलंत तेव्हा होता?"

"तेव्हा वाटलं होतं, पाट्या रंगवायचं काम गेलं तर अक्षरं कोरू. लाकडात." पेंटर बोलत मावशीशी होते, पण बघत खिडकीकडे होते. "नाही जमलं."

चहा आला. पेंटरांनीच कप मावशीच्या हातात दिला आणि पुन्हा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मावशीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि उठून सरळ कोपऱ्यातली एक फळी उलटी केली.

"ते राहू द्या," पेंटर म्हणाले.

फळीवर कुणाच्या तरी घराचं नाव अर्धवट कोरलेलं होतं. अक्षरांचं वळण कार्डावरच्यासारखंच देखणं, पण खोली कमीजास्त. एका अक्षराची सुरुवात चांगली खोल आणि शेवट नुसता ओरखडल्यासारखा. पुढचं अक्षर मध्येच उथळ, मध्येच खोल. मावशीने फळी जागेवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, ती काय समजायची ते समजली होती. माणसाला बिघाड ठाऊक आहे आणि तो लपवतोय.

"चालवून दाखवा," ती म्हणाली.

"तुम्हीच चालवा. मी नाही चालवत."

"का?"

"तुम्हीच चालवा."

मावशीने पिशवीतला टणक तुकडा काढला, टेबलाला शिकंज्याने आवळला, सरळ पट्टी बांधली, पातं बसवलं. कानात बोळे घातले. खोली ठरवली, कळ फिरवून मोटर जखडली आणि मशीन चालू केलं. खोलीभर भुसा उडाला. खाच दिसायला सरळ होती. मग तिने पर्समधून खोली मोजायची पट्टी काढली, म्हणजे ज्या पर्समध्ये दुसऱ्या बायका रुमाल ठेवतात त्या पर्समधून. सुरुवातीला मोजलं, शेवटाला मोजलं. शेवट उथळ होता. तिने दुसरी खाच पाडली. ती मध्ये उथळ, मग पुन्हा खोल.

मशीन बंद करून ती पेंटरांकडे वळली. "हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो," पेंटर म्हणाले.

"आणि तरी विकायला काढलंत."

"मशीनमध्ये दोष नाही, ताई. दोष चालवणाऱ्याच्या हातात आहे."

मावशी लाल झाली. "म्हणजे माझ्या?"

"नाही, नाही. तुमच्या कसा..." पेंटर टेबलाशी आले. त्यांनी वाकून तिची खाच पाहिली, बोटाने चाचपली, आणि मग बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. "अशीच," ते म्हणाले. "अगदी अशीच माझी यायची."

"मग?"

"मला वाटलं, माझा हात गेला. जोर एकसारखा राहत नाही. दाबलं की खोल जायचं, जरा सैल सोडलं की वर यायचं. वय झालं म्हटलं." त्यांनी कुंचल्यांच्या डब्याकडे पाहिलं. "मग हेही सोडून दिलं. हातच गेला तर कशाला उगाच."

दारात पेंटरांची बायको रिकामा ट्रे घेऊन उभी होती. "मला तर सांगितलंत, कंटाळा आला," ती म्हणाली.

पेंटरांनी एक कडक कुंचला उचलला आणि परत डब्यात टाकला.

मावशीला आता त्या दोघांत काही रस नव्हता. तिला माग लागला होता. तिचा एक नियम होता, मी लहानपणापासून ऐकलेला: एकाच माणसाकडे दोनदा आग लागली तर माणूस तपासायचा, आणि दोन माणसांकडून एकच चूक झाली तर वस्तू तपासायची. तिने मशीनची वायर काढली. मोटर खाली दाबून जखडली आणि दांड्यावर, मोटरीच्या अगदी कडेला, पेन्सिलने बारीक रेघ मारली. मग दोन्ही हात मागे घेतले आणि मला म्हणाली, "ती मोगरी घे. टेबलावर आपट. मशीनला लावू नकोस, नुसती टेबलावर."

मी आपटली. पुन्हा आपटली. टेबल थरथरलं, टेबलाबरोबर मशीनही. थोड्या वेळाने मावशी म्हणाली, "बस." पेन्सिलची रेघ आता मोटरीच्या कडेपासून सुटली होती. मधे केसाएवढी फट दिसत होती. मोटर आपल्या आपण वर सरकली होती.

"कुणाचा हात लागला होता का आत्ता?" मावशीने विचारलं.

पेंटरांनी मान हलवली. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा ती फट पाहिली.

"कळ धरत नाहीये," मावशी म्हणाली. "स्प्रिंगा मोटरीला सारख्या वर ढकलतायत. तुम्ही दाबून धरलंत की ती खाली राहते, जरा सैल सोडलंत की चढते. चांगल्या मशीनमध्ये एकदा जखडलं की तुमच्या जोराशी खोलीचा काही संबंध नसतो. हात थकलेला असो, नाही तर पैलवानाचा असो."

"पण कळ तर मी पूर्ण फिरवत होतो. पुढे जायचीच नाही."

"का जायची नाही, ते बघू."

दोघं मशीनवर वाकले. थोड्या वेळाने पेंटरांनाच दिसलं. कळ फिरवली की तिची मूठ मोटरीच्या अंगाला टेकत होती. वाटायचं, आवळली. खरं तर आतला बोल्ट अजून सैलच असायचा. कारखान्यातच ती कळ बोल्टाच्या दात्यांवर चुकीच्या जागी बसवली होती. पेंटरांनी पाना आणला, कळ काढली, दोन दाते मागे सरकवून पुन्हा बसवली. आता ती टेकायच्या आधीच घट्ट झाली. मी मोगरी आपटली. हात दुखेपर्यंत आपटली. पेन्सिलची रेघ कडेला चिकटून राहिली.

मावशीने तिसरी खाच पाडली. मोजली. सुरुवातीला जेवढी, शेवटाला तेवढीच.

मला वाटलं, पेंटर आता खूश होतील. ते झाले नाहीत. त्यांनी मावशीच्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतः मोजलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जागोजागी. मग म्हणाले, "तुम्ही सांभाळून चालवलं असेल."

"मग तुम्ही चालवा," मावशी म्हणाली.

"नको."

"पेंटर, मी अख्ख्या नोकरीत कुणाला निर्दोष म्हटलेलं नाही. फार तर 'पुरावा नाही' असं लिहायची. आज समोर पुरावा आहे आणि तुम्ही बघायला तयार नाही. मला संशय यायला लागलाय की तुम्हाला हात गेलेलाच बरा वाटतोय."

हे जरा जास्तच झालं असं मला वाटलं. पण पेंटरांच्या बायकोने ट्रे ठेवला, कोपऱ्यातली ती अर्धवट फळी आणली, पालथी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "एक अक्षर करा."

पेंटर उभे राहिले. शिकंजा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. पेन्सिलने एक अक्षर काढलं. मग मुठी धरल्या, मोटर खाली नेली, कळ फिरवली, कळ पुन्हा चाचपली. मशीन सुरू झालं तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. भुसा उडत होता आणि त्यांची बायको भुशातच उभी होती. अक्षर पुरं झाल्यावर त्यांनी फुंकर मारली आणि पट्टी न घेता, नुसतं बोट त्या अक्षराच्या तळातून फिरवलं. पोटातून, देठातून, शेवटापर्यंत. मग बोट उचलून परत पहिल्यापासून.

"सारखं आहे," ते म्हणाले.

"बरं झालं," त्यांची बायको म्हणाली. "उद्यापासून दाढी आपली आपण करा."

तेव्हा कळलं की कितीतरी महिने तीच त्यांची दाढी करत होती. त्यांनी तिला सांगितलं होतं, आरशात नीट दिसत नाही. तिने ते मानलं नव्हतं. तिला वाटलं होतं, यांना काहीतरी मोठा आजार आहे आणि हे लपवतायत. डॉक्टरांचे कागद सापडतात का म्हणून तिने त्यांची कपाटं, खिसे, रंगाचे डबेसुद्धा उचकले होते. हे तिने मावशीलाच सांगितलं, नवऱ्याला नाही. पण ते समोरच होते. पेंटर तिच्याकडे बघत राहिले. "रंगाच्या डब्यात कागद कोण ठेवेल," एवढंच म्हणाले.

"तुमचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली.

मशीन विकायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. आम्ही निघताना पेंटर जिन्यापर्यंत आले. काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं आणि मावशीला आभार ऐकायची सवय नव्हती. तिच्या धंद्यात आभार मानणाऱ्या माणसावर नजर ठेवावी लागे. "त्या वखारीतल्या कार्डाचं काय करू?" तिने विचारलं. "अक्षर चांगलं आहे."

"फाडून टाका. त्या एका कार्डासाठी मी अख्खी सकाळ घालवली होती. वाया किती कार्डं गेली ते हिला विचारा."

गाडीत बसल्यावर मावशीने पट्टी पुसून पर्समध्ये ठेवली. वळणावर आल्यावर म्हणाली, "नाटक तर नसेल ना गं?"

"कशासाठी, मावशी? मशीन न विकण्यासाठी?"

"हां, ते जमत नाही." तिने काच खाली केली. जरा वेळाने पुन्हा बोलली. "चहा देताना त्यांचा कप बशीवर वाजत होता. ऐकलंस?"

"नाही."

"वाजत होता. थोडाच, पण वाजत होता."

मी गाडी हळू केली. "म्हणजे हात खरंच...?"

"वय आहे. थोडं असणारच. पण उथळ खाच हाताने नव्हती पडत, कळीमुळे पडत होती. मी त्या खाचेची चौकशी करायला गेले होते, कपाची नव्हे."

"तू सांगितलं नाहीस त्यांना."

"त्यांनी विचारलं नाही," मावशी म्हणाली आणि काच वर केली. जिला न विचारता दुसऱ्याच्या भिंतीवरचे खिळे मोजायची सवय, ती हे बोलली. मी गाडीचा वेग पुन्हा वाढवला.

राउटर शेवटी त्या पहिल्या दुकानातूनच घेतला. दुकानदाराने तिला येताना पाहिलं आणि या वेळी खुर्ची दिली नाही. त्यामुळे मावशीला तो जरा बरा माणूस वाटला. तिने नवा, एका टेपेचा खोका मागितला आणि तो स्वतःच्या हाताने फोडला. मोटर खाली दाबून जखडली, दांड्यावर पेन्सिलची रेघ मारली आणि काउंटरवर मुठीने ठोकायला लागली. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. दुकानदाराने आधी कपाळाला हात लावला, मग वाकून रेघ बघायला लागला. रेघ हलली नाही. मावशीने पैसे दिले. दुकानदार मात्र विचारात पडला. आम्ही बाहेर पडत असताना तो दुहेरी टेपेचा खोका फळीवरून खाली काढत होता.

कपाट पुरं व्हायला बरेच दिवस लागले. मध्येच एका दुपारी पेंटर आले, बायकोबरोबर. त्यांच्या हनुवटीवर कापल्याची एक छोटी खूण होती आणि ते ती लपवत नव्हते. पुन्हा पाट्या कोरायला लागले होते. एका दवाखान्याची केली, एका शाळेची चालू होती. काकांनी त्यांना गॅरेज दाखवलं आणि मावशीच्या कपाटाचं तोंडभरून कौतुक केलं. पेंटरांनी ऐकून घेतलं. मग खिशातून खोली मोजायची एक नवी कोरी पट्टी काढली आणि एकेक खाच मोजत निघाले.

"ही तिसरी," ते थांबून म्हणाले, "जरा खोल आहे."

"शक्य नाही," मावशी म्हणाली.

तिने आपली पट्टी आणली. पेंटरांनी आपली धरली. दोघांनी एकमेकांच्या पट्ट्यांवर संशय घेतला, मग पट्ट्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, मग पुन्हा खाच मोजली. काका आणि पेंटरांची बायको कंटाळून आत निघून गेली. मी तिथेच स्टुलावर बसून होते. बऱ्याच वेळाने मावशीने पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "फळी फुगली असेल."

"फळी फुगली तर सगळ्याच खाचा खोल व्हायला हव्यात," पेंटर म्हणाले. "एकच कशी होईल?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली, डावा डोळा बारीक करून. मग तिने त्या खाचेच्या तळाला बसेल एवढी लाकडाची पातळ चिपटी कापायला घेतली, आणि पेंटरांनी चिपटीचं दुसरं टोक धरलं.